तळहातावरचं अक्षर

“म्हणजे सव्वीस हजार जणांनी तुझं लिखाण वाचलं?” बाबर गुरुजींनी विचारलं.

“वाचलं की नाही ते सांगता येत नाही, गुरुजी. त्यांनी आपल्या लेखात माझा संदर्भ दिला, एवढंच मोजता येतं.”

“न वाचताही देतात?”

डॉ. इंद्रायणी शेटे हसली. देतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

मुलांचा मेंदू वाचायला कसा शिकतो, यावर तिनं तीस वर्षं घालवली होती. एकशे ब्याऐंशी शोधनिबंध. मेंदूवाले तिला आपली म्हणत आणि शिक्षणवालेही. त्यातला एक निबंध तर जगभर गाजला होता. अक्षर नुसतं डोळ्यांनी बघण्यापेक्षा बोटानं गिरवलं, तर मेंदूत लवकर ठसतं, असं तिनं त्यात दाखवलं होतं.

त्या निबंधाखाली एक्क्याण्णव संदर्भ होते. बाबर गुरुजींचं नाव त्यांत नव्हतं. कोरेवाडीच्या शाळेत पोरांच्या तळहातावर अक्षरं काढणाऱ्या मास्तरांचा संदर्भ द्यायचा तरी कसा? त्यांनी कुठं काय छापलं होतं?

ही सबब बरीच वर्षं टिकली. आता त्याच विषयावरचं तिचं पुस्तक सोमवारी छपाईला जाणार होतं, आणि सबब काही केल्या पुरेना. म्हणून ती गावी आली होती, पहिल्या पानावर गुरुजींचं नाव घालायची परवानगी मागायला. आणि खरं सांगायचं तर, थोडं कौतुक करून घ्यायलाही.

तिनं तो निबंध त्यांच्या हातात दिला. गुरुजींनी बराच वेळ पानाकडे पाहिलं, मग ते जपून बाजूला ठेवलं.

“मला आता वाचता येत नाही, इंदू…”

सहा महिन्यांपूर्वी मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. हातपाय शाबूत, बोलणं शाबूत, लिहिणंसुद्धा शाबूत. फक्त लिहिलेलं वाचता येत नव्हतं. स्वतःच्या हातचंही नाही.

तिच्या शास्त्रात या दुखण्याला नाव होतं. त्यात बऱ्याचदा उजव्या बाजूचं दिसेनासंही होतं. गुरुजींच्या सुनेनं उजव्या हाताला ठेवलेला चहा त्यांना अजून दिसलाच नव्हता, हे तिच्या आता लक्षात आलं. तिनं कप उचलून डावीकडे ठेवला. ज्यांनी आपल्याला वाचायला शिकवलं, त्यांनाच आता वाचता येऊ नये…

“याला उपाय आहे, गुरुजी. मी शिकवते. हात द्या.”

आवाजात माया होती, आणि चिमूटभर तोराही.

तिनं त्यांचा तळहात उघडला आणि लहान मुलाला शिकवावं तसं सावकाश पहिलं अक्षर गिरवलं.

“व,” गुरुजी म्हणाले. “पुढचं लिही. जरा भराभर लिही.”

तिनं भराभर लिहिलं. ते भराभर वाचत गेले.

तिचं बोट थांबलं.

“हे तुम्हाला कोणी शिकवलं?”

“जिनं तेव्हा शिकवलं होतं, तिनंच. गोदीनं.”

…

गोदी खरात. इंद्रायणीच्याच बाकावर बसायची. दोन वर्षं एकाच पुस्तकात अडकलेली. इंद्रायणी तिला ‘दगड’ म्हणायची, आणि सगळा वर्ग हसायचा.

गुरुजी सांगत गेले. फळ्यावरचं अक्षर गोदीला काही केल्या ओळखू येत नसे. एकदा ते चिडून तिच्याजवळ गेले, तर पोरगी बाकाखाली हात लपवून डाव्या तळव्यावर बोटानं फळ्यावरची रेघ न् रेघ काढत होती. काढून झाली आणि तिनं अक्षर बरोबर सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून गुरुजी सगळ्यांच्याच हातावर लिहू लागले.

आता गावात गोदीची पिठाची गिरणी होती. रोज चार वाजता ती गिरणी बंद करून यायची आणि पेपरातल्या बातम्या गुरुजींच्या हातावर लिहून जायची.

“मीही तिचं नाव कुणाला सांगितलं नाही बघ,” गुरुजी म्हणाले. “आदर्श शिक्षक म्हणून तालुक्याला सत्कार झाला, तेव्हासुद्धा…”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा इंद्रायणीनं सगळ्या जगाला घातला होता. तिला मान वर करवेना. लाज वाटत होती, आणि ती सव्वीस हजारांत कुठंच मावत नव्हती.

दारात चपला वाजल्या. गोदी आत आली. कोपरापर्यंत पीठ, काखेत पेपर.

“इंदी न्हवं का तू?” तिचा चेहरा उजळला. इंद्रायणी उठून पुढं झाली, तशी ती हात मागं घेत म्हणाली, “थांब गं, पीठ लागंल. चांगली साडी हाय तुजी.”

इंद्रायणी तिथंच थांबली. मग हलक्या आवाजात तिनं गुरुजींना विचारलं, “पुस्तकात पहिल्या पानावर हिचं नाव घातलं तर चालेल ना?”

गुरुजींनी डावीकडचा कप उचलला. निवलेल्या चहाचा एक घोट घेतला…

“आधी तिच्या हातावर लिही.”