टिचकूची शेंग आणि थडथडणारी पिकअप

या, सरका जवळ. मांडीवर कोण बसणार? बसा. पाय तिकडे, हात इकडे, आणि कान माझ्याकडे. हं!

एक होता उंदीर. एवढासा! माझ्या अंगठ्याएवढा. त्याचं नाव टिचकू.

टिचकूला एक बहीण होती. बबी. ती तर त्याच्याहूनही इवलीशी.

दोघं राहायची गुलाबमिस्त्रींच्या गॅरेजात. भिंतीतल्या बिळात. गॅरेजात गाड्या यायच्या, मिस्त्री त्या दुरुस्त करायचे, आणि ही दोघं बिळातून टकमक बघायची.

एक दिवस काय झालं? बबीला दात आला! पहिला दात! पांढरा, इवलासा.

आता उंदरांची एक रीत आहे हं. पहिला दात आला, की त्याच दिवशी पहिली शेंग फोडायची. दिवस मावळायच्या आत. उद्याची शेंग चालत नाही.

टिचकू म्हणाला, "बबी, तू बस दारात. मी शेंग आणतो."

बबी बसली दारात. टिचकू निघाला. तुरुतुरु तुरुतुरु. पार शेतापर्यंत गेला. शेतात शेंगा संपलेल्या. शोधून शोधून एक मिळाली. एकच! भुईमुगाची, टपोरी.

शेंग घेतली तोंडात. आला गॅरेजच्या भिंतीवर. तुरुतुरु तुरुतुरु. बीळ आलंच आता!

तेवढ्यात आली एक पिकअप.

घुर्र घुर्र! थडथड थडथड! थडथड थडथड!

बापरे! काय ती थडथड! भिंत हलली. टिचकू हलला. तोंडातली शेंग निसटली.

टुप्!

पडली पिकअपमध्ये. मागच्या फाळक्याच्या फटीत जाऊन बसली. फाळका म्हणजे पिकअपचं मागचं दार. बंद! घट्ट!

पिकअप थांबली. टिचकूचे डोळे भरले. पण रडत बसला का? छे! डोळे पुसले, आणि गेला फाळक्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"फाळकोबा, फाळकोबा, उघड ना!"

"का रे टिचकू?"

"शेंग मिळत नाही,
बबी बसलीय दारात!"

फाळका म्हणाला, "मी नाही जा! माझ्यामागे टोमॅटो आहेत. गाडी निघाली की पुन्हा थडथडते. मी उघडलो तर सगळे सांडतील. म्हणून बसलोय दात आवळून. आधी चाक थडथडायचं थांबू दे, मग मी उघडतो."

टिचकू गेला चाकाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"चाकोबा, चाकोबा, थांब ना!"

"का रे टिचकू?"

"फाळका उघडत नाही,
शेंग मिळत नाही,
बबी बसलीय दारात!"

चाक म्हणालं, "मी नाही जा! माझा दोषच नाही. मी नवं कोरं. गोल गोल. कालच बसवलंय मला. तो डिफ मला हलवतो. आधी डिफ गप्प बसू दे, मग मी थांबतो."

डिफ कोण माहितेय? मागच्या दोन चाकांच्या मधे एक ढेरपोट्या डबा असतो. तो चाकं फिरवतो. त्याचं खरं नाव भलंमोठं आहे. मिस्त्री डिफ म्हणतात, आपणही डिफच म्हणू या.

टिचकू गेला पिकअपच्या खाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"डिफोबा, डिफोबा, गप्प बस ना!"

"का रे टिचकू?"

"चाक थांबत नाही,
फाळका उघडत नाही,
शेंग मिळत नाही,
बबी बसलीय दारात!"

डिफ म्हणाला, "मी नाही जा! माझ्या पोटात तेल आहे. माझे दात धड आहेत. माझा काय दोष? तो शाफ्ट मला गदागदा हलवतो. आधी शाफ्ट नीट वळू दे, मग मी गप्प बसतो."

शाफ्ट म्हणजे लांबच लांब दांडा. इंजिनाकडून येतो, डिफपर्यंत जातो. गाडी चालली की गरागरा फिरतो.

टिचकू गेला शाफ्टकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"शाफ्टोबा, शाफ्टोबा, नीट वळ ना!"

"का रे टिचकू?"

"डिफ ऐकत नाही,
चाक थांबत नाही,
फाळका उघडत नाही,
शेंग मिळत नाही,
बबी बसलीय दारात!"

शाफ्ट कण्हला. "आई गं! अरे, मलाच उलटा बसवलाय! मिस्त्रींनी मला मागे एकदा काढला आणि घाईघाईत लावला. हा बघ माझ्यावर कोरलेला ठिपका. वर! आणि डिफचा ठिपका? खाली! दोन ठिपके समोरासमोर हवेत, तर मी सरळ फिरेन. आत्ता मी असा कसा वळू? आधी बोल्ट सुटू दे, मग मी वळतो."

सापडलं! थडथड कुठून येते ते सापडलं! पण टिचकूला त्याचं काय? त्याला शेंग हवी. आणि ऊन आता भिंतीवर चढलेलं.

टिचकू गेला बोल्टकडे. बोल्ट होते चार. चौघे भाऊ. बोलायचा मात्र थोरलाच.

"बोल्टोबा, बोल्टोबा, सुट ना!"

"का रे टिचकू?"

"शाफ्ट वळत नाही,
डिफ ऐकत नाही,
चाक थांबत नाही,
फाळका उघडत नाही,
शेंग मिळत नाही,
बबी बसलीय दारात!"

"मी नाही जा! मी काय असातसा सुटतो होय? आधी पाना फिरू दे, मग मी सुटतो."

पाना लटकला होता खिळ्याला. आरामात झोके घेत. टिचकू चढला भिंतीवर. तुरुतुरु तुरुतुरु.

"पानोबा, पानोबा, फिर ना!"

"का रे टिचकू?"

"बोल्ट सुटत नाही,
शाफ्ट वळत नाही,
डिफ ऐकत नाही,
चाक थांबत नाही,
फाळका उघडत नाही,
शेंग मिळत नाही,
बबी बसलीय दारात!"

"मी नाही जा! मला हात आहेत का? पाय आहेत का? आधी मिस्त्री वाकू दे, मला हातात घेऊ दे, मग मी फिरतो."

गुलाबमिस्त्री बसले होते स्टुलावर. डोकं खाजवत. हवा भरून झाली, चाक बदलून झालं, तरी थडथड जाईना!

टिचकू गेला. तुरुतुरु तुरुतुरु. धापा टाकत म्हणाला,

"मिस्त्रीमामा, मिस्त्रीमामा, वाका ना!"

"का रे टिचकू?"

"पाना फिरत नाही,
बोल्ट सुटत नाही,
शाफ्ट वळत नाही,
डिफ ऐकत नाही,
चाक थांबत नाही,
फाळका उघडत नाही,
शेंग मिळत नाही,
बबी बसलीय दारात!"

"शाफ्ट?" मिस्त्री म्हणाले. "ह्यॅ! शाफ्ट मीच बसवलाय. माझ्या हातचा शाफ्ट उलटा बसेल होय?"

मग पुन्हा डोकं खाजवलं.

"बरं, बघितलं असतं. पण खडू कुठाय? खडूची खूण केल्याशिवाय शाफ्टला हात लावायचा नाही. गॅरेजची रीत आहे ती. आधी खडू मिळू दे, मग मी वाकतो."

अहो मिस्त्री, मग मागच्या खेपेला कुठे गेली होती तुमची रीत? विचारा की त्यांना! पण टिचकू बिचारा खडू शोधायला पळाला. त्याला घाई होती.

खडू होता हौसामावशींकडे. हौसामावशी कोण? पिकअपच्या मालकीण! स्वतः पिकअप चालवायच्या. टोमॅटो घेऊन निघाल्या होत्या बाजाराला, आणि अडकल्या इथे. बसून बसून कंटाळल्या. मग काय केलं? मिस्त्रींचा खडू उचलला, अंगणात आखली घरं, पदर खोचला, आणि खेळायला लागल्या ठिकरी! एकट्याच!

टिचकू गेला अंगणात. तुरुतुरु तुरुतुरु.

"हौसामावशी, हौसामावशी, खडू द्या ना!"

"का रे टिचकू?"

टिचकूने घेतला मोठ्ठा श्वास. तुम्हीपण घ्या. म्हणा माझ्याबरोबर!

"मिस्त्री वाकत नाही,
पाना फिरत नाही,
बोल्ट सुटत नाही,
शाफ्ट वळत नाही,
डिफ ऐकत नाही,
चाक थांबत नाही,
फाळका उघडत नाही,
शेंग मिळत नाही,
बबी बसलीय दारात!"

मावशी अशा रागावल्या होत्या! कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मी नाही देत जा! मिस्त्री म्हणाला, हवा भर. भरली. थडथड! मिस्त्री म्हणाला, चाक बदल. बदललं. थडथड! नाचता येईना, अंगण वाकडं! आता म्हणतो खडू दे? वा रे वा! माझा डाव अर्धा आहे. अर्धा डाव टाकून मी उठत नसते. आणि एकटीने कसला संपतोय डाव? आधी कोणीतरी माझ्याशी खेळा, मला हरवा, मग देते खडू."

टिचकूने इकडे बघितलं. कोणी नाही. तिकडे बघितलं. कोणी नाही. आता कोणाकडे जायचं?

ऊन पत्र्यावर गेलं. दारात बबी, इवलीशी, वाट बघत बसलेली.

टिचकू पुढे आला. शेपटी ताठ. मिशा ताठ.

"मी खेळतो!"

"तू?" मावशी हसल्या. "अरे, एवढासा तू!"

"एवढासा तर एवढासा! खेळतो म्हणजे खेळतो!"

"बरं बाबा, ये. रेघेवर पाय पडला की बाद हं!"

आधी मावशी. लंगडी घालत निघाल्या. धप् धप् धप्. पाऊल मोठं, घर छोटं. अंगठा टेकला रेघेवर.

"बाद!" टिचकू ओरडला.

मग टिचकू. एक पाय वर. दुसरा पाय तांदळाएवढा. तो कशाला शिवतोय रेघेला!

टुणुक! पहिलं घर. टुणुक! दुसरं घर. टुणुक टुणुक! दम लागला. शेपटी डुलली. अरे अरे, पडतो की काय! नाही पडला! टुणुक टुणुक टुणुक!

शेवटचं घर! जिंकला! टिचकू जिंकला!

मावशींनी टाळ्याच वाजवल्या. "शाब्बास रे पठ्ठ्या! हा घे खडू!"

खडू टिचकूपेक्षा लांब! डोक्यावर घेतला आणि पळाला. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु!

"मिस्त्रीमामा, मिस्त्रीमामा, खडू मिळाला!"

"मग वाकतो की!" मिस्त्री म्हणाले. पोतं अंथरलं, पाना घेतला, आणि सरकले पिकअपखाली. चिखल पुसला. खडू घासला. घस् घस् घस्.

ठिपके उजळले. एक ठिपका वर. एक ठिपका खाली.

"हात्तिच्या!" मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "अहो हौसाबाई, चूक माझीच! घाईत खूण केली नाही मी. आणि उगाच आळ घेतला चाकावर!"

"बघा!" चाक म्हणालं. "मी सांगत नव्हतो?"

आता काय? आता कोण थांबतंय!

पाना म्हणाला, "मग फिरतो की!" कर्र कर्र कर्र!

बोल्ट म्हणाले, "मग सुटतो की!" टण! टण! टण! टण!

शाफ्ट म्हणाला, "मग वळतो की!" गर्रकन वळला. ठिपक्यासमोर ठिपका! आणि चारी भाऊ पुन्हा आपापल्या घरात. घट्ट!

हौसामावशी चढल्या पिकअपमध्ये. किल्ली फिरवली. घुर्र घुर्र!

मिस्त्रींनी श्वास रोखला. टिचकूने डोळे मिटले. पिकअप निघाली. हळू. मग जोरात. वळणापर्यंत गेली, वळून आली.

थडथड?

नाही!

थडथड?

नाही नाही नाही! सूंऽऽऽ! लोण्यावरून सुरी गेल्यासारखी पिकअप आली!

डिफ गप्प. चाक शांत. मावशींनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि ओरडल्या, "टिचकूऽऽ, गेली रे थडथड!"

फाळका म्हणाला, "मग उघडतो की!"

खट्टाक!

एकही टोमॅटो सांडला नाही. सांडली फक्त शेंग. टुप्! टिचकूच्या पुढ्यात!

टिचकूने शेंग उचलली आणि जो सुटला! पोत्यावरून, पान्यावरून, मिस्त्रींच्या चपलेवरून! तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु! ऊन पत्र्याच्या टोकावर होतं. एवढंसंच उरलेलं.

दारात बबी.

"बबी, बबी, आ कर!

खडू मिळाला,
मिस्त्री वाकला,
पाना फिरला,
बोल्ट सुटला,
शाफ्ट वळला,
डिफने ऐकलं,
चाक थांबलं,
फाळका उघडला,
शेंग मिळाली,
बबी, तुझ्यासाठी!"

बबीने आ केला. इवलासा दात चमकला. शेंगेवर टेकला. जोर लावला. अजून जोर लावला.

कट्ट!

फुटली! बबीने शेंग फोडली! पहिल्या दाताने, दिवस मावळायच्या आत!

मिस्त्री हसले. मावशींनी भोंगा वाजवला. पोंऽऽ पोंऽऽ! आणि बबी, गालभर दाणा चावत, सगळ्यांकडे बघून म्हणाली,

"दादा, अजून!"

थडथड पळाली रानात,
शेंग वाजली दातात,
गोष्ट राहिली कानात!