दोनदा भरलेले चाक

एकदा एक वृद्ध मिस्त्री आपल्या शिष्याच्या हाती पाना देऊन स्वतः स्टुलावर जाऊन बसले. तारीख होती तीन डिसेंबर. पहाटेपासून माळावर दाट धुके होते. नऊच्या सुमारास ते विरले, मग ऊन पडले, पण वारा दिवसभर सुटला नाही.

त्या माळावर एक आखूड धावपट्टी होती आणि तिच्या टोकाला पत्र्याचे हँगर. हँगरात एकच विमान उभे असे. चार आसनांचे, पांढरे, अंगावर पिवळा पट्टा असलेले. ते एका हळदीच्या व्यापाऱ्याचे होते. पट्ट्याचा रंग शेठनी हट्टाने निवडला होता आणि तो हळदीचाच आहे असे ते पाहुण्यांना आवर्जून सांगत. विमानाची निगा वृद्ध मिस्त्री राखत. त्यांना सगळे आबा म्हणत. त्यांच्या हाताखाली गोरक्ष नावाचा शिष्य नऊ वर्षे काम करत होता. वय छत्तीस, परवानाही हाती होता, पण विमानाच्या नोंदवहीत सही आजवर आबांचीच होत आली होती.

आता आबांची नजर अधू झाली होती. महिनाअखेर काम सोडून ते लेकीकडे राहायला जाणार होते. नोंदवहीतली पुढची सही कोणाची, हा निर्णय शेठनी त्यांच्यावरच सोपवला होता. आबा ‘हा चालेल’ म्हणाले तर गोरक्ष. नाहीतर मोठ्या शहरातून कोणी मुरलेला माणूस येणार होता. म्हणूनच त्या सकाळी आबांनी एवढेच सांगितले की पंखांखालच्या दोन्ही चाकांना नवे टायर आणि नव्या ट्यूब घाल, आज मी हात लावणार नाही.

गोरक्षने डावे चाक आधी घेतले. विमान जॅकवर उचलले. व्हॉल्व्हची पिन काढून जुन्या टायरमधली हवा पूर्ण जाऊ दिली आणि मगच आसावरचे नट सैल केले, कारण अशा चाकाचे दोन अर्धे भाग बोल्टांनी जोडलेले असतात आणि आत हवा असताना बोल्ट काढला तर ते भाग माणसाच्या तोंडावर येतात. टायर त्याने हाताने दाबून सोडवला, पेचकस घालून उचकटला नाही. बेअरिंग धुतली, उन्हाकडे धरून पाहिली, तळहातावर ग्रीस घेऊन एकेका फटीत भरली. नवी ट्यूब टायरला चिकटू नये म्हणून तिला शंखजिऱ्याची पूड चोळली. टायरची हलकी बाजू दाखवणारा लाल ठिपका व्हॉल्व्हसमोर आणला. मग समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळले, प्रत्येक ठरलेल्या जोराने. शेवटी हवा भरली. दाब मोजणाऱ्या गेजचा काटा तीस पौंडांवर थांबला. तिसाच्या खाली नाही, वर नाही. त्याने फडक्याने हात पुसले आणि आबांकडे पाहिले.

आबा उठले. त्यांनी चाकावर दोन ठिकाणी बोटाने ठोकले, कान लावला, खिशातून लहान चावी काढली आणि व्हॉल्व्हची पिन फिरवून बाहेर घेतली. सूं करून सगळी हवा निघून गेली. पिन त्यांनी गोरक्षच्या तळहातावर ठेवली.

“परत भर,” असे म्हणून ते चहा प्यायला बाहेर गेले.

गोरक्ष त्या पिनकडे पाहत राहिला. आबा उगाच काही करत नसत. नऊ वर्षांत त्यांनी एक स्क्रूसुद्धा कारणाशिवाय फिरवलेला त्याने पाहिला नव्हता. म्हणजे कुठेतरी चुकले होते. पण कुठे?

त्याने प्रथम पिनवर संशय घेतला. ती पुसून उजेडाकडे धरून पाहिली, मग सरळ नवीच घेतली. त्यानंतर गेजवर संशय घेतला. कपाटातले दुसरे गेज काढून दोन्ही एकाच नळीवर लावून पाहिली, काटे बरोबरीने चालले. लाल ठिपका पाहिला, तो जागेवर होता. मग त्याच्या मनात आले की बोल्ट आवळताना ट्यूब दोन भागांच्या मध्ये चिमटली असेल. हे मनात आल्यावर त्याला राहवेना. त्याने सगळे बोल्ट काढले, चाक पुन्हा दोन भागांत वेगळे केले, ट्यूब बाहेर काढून बोटांनी सगळीकडून चाचपली. ती कुठेही चिमटलेली नव्हती. एका जागी मात्र पूड नसलेली बारीक रेघ दिसली, तळहातावर असते तशी. पूड सारखी लागली नसेल असे समजून त्याने चिमूटभर पूड तिच्यावर चोळली आणि चाक पहिल्यासारखे जोडले. या कामात पाऊण तास गेला.

तो हवा भरत असतानाच शेठची गाडी हँगरपाशी थांबली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला त्यांच्या नातीचे बारसे होते. मुलीचे गाव रस्त्याने नऊ तासांवर आणि विमानाने तासाभरावर होते, आणि नाव कानात सांगायला आजोबांनीच हवे असा मुलीचा आग्रह होता. शेठ हौसेने हे सगळे सांगत होते. त्यांचे बोलणे चालू असतानाच काटा तिसावर आला. आबा स्टुलावरून उठले, चाकावर ठोकले, कान लावला आणि पुन्हा पिन काढली. सूं.

शेठ बोलायचे थांबले. “मिस्त्री, हा माणूस हवा भरायला ठेवलाय आणि तुम्ही सोडायला, असं आहे का?”

आबा म्हणाले की चाक तोच करतो आहे, मी फक्त ऐकतो आहे.

“काय ऐकताय? चुकलंय ना त्याचं?”

“नाही. चूक नाही.” आबांनी पिन पुन्हा गोरक्षच्या हातावर ठेवली. “भर परत.”

गोरक्षच्या कानशिलापर्यंत उष्णता चढली. चूक नाही, तर हवा का सोडता? आणि चूक असेल, तर ती या माणसासमोर झाकता कशाला? त्याने एकदा आबांकडे पाहिले, पण त्या चेहऱ्यावर राग नव्हता आणि थट्टाही नव्हती. उलट किंचित काळजी होती आणि तिचा अर्थ त्याला लागेना. शेठ जरा वेळ उभे राहिले. मग त्यांनी आबांना बाजूला न घेताच सांगून टाकले की शहरातल्या माणसाला उद्या सकाळी बोलावून ठेवतो, उगाच जोखीम नको. “सायकलच्या दुकानातलं पोरगंसुद्धा दोनदा हवा भरत नाही.” फोन करायला ते गाडीकडे गेले.

हँगरात दोघेच उरले. गोरक्षने बोल्टांकडे पाहिले. आता पुन्हा उघडायचे, पुन्हा पुसायचे, पुन्हा जोडायचे. पण काय शोधायचे तेच त्याला माहीत नव्हते. त्याचे हात आपसूक खाली आले. पाना त्याने बाजूला ठेवला, व्हॉल्व्हची पिन बसवली, नळी जोडली आणि चाक जसे होते तसेच भरायला घेतले. मनातल्या मनात तो आबांचा निरोप घेऊन मोकळा झाला होता. काटा तिसावर आला.

आबांनी ठोकले. कान लावला. नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. मग सरळ उभे राहून ते म्हणाले, “झालं.”

“काय झालं, आबा?” गोरक्षचा आवाज चिरका झाला. “मी काहीच केलं नाही. आधी दोन्ही वेळा केलं ते नीट केलं होतं. या वेळी नुसती हवा भरली. मग हेच कसं बरोबर?”

आबांनी स्टूल त्याच्याकडे सरकवले आणि स्वतः उभे राहिले. चाक उघडलेस तेव्हा ट्यूबवर एक रेघ दिसली का, असे त्यांनी विचारले. गोरक्ष म्हणाला, दिसली. मग काय केलेस? पूड लावली. आबांना हसू आले, पण ते त्यांनी मिशीतच ठेवले.

“ती घडी होती,” ते म्हणाले. “नवी ट्यूब पहिल्यांदा भरली की जिथे पडली असेल तिथेच फुगते. कुठेतरी दुमडते. मग आतून हवेचा जोर, बाहेरून टायर, आणि मधे ती घडी अडकून बसते. तुझ्या हातात दोष नाही. कोणाच्याही हातून पहिल्यांदा असंच भरतं. गेज तीसच दाखवतं, कारण गेजला हवा कळते, घडी कळत नाही. विमान उतरताना जमिनीला टेकतं तेव्हा त्या घडीवर भार येतो, ती घासते, आणि एक दिवस तिथेच फाटते. म्हणून हवा सगळी सोडायची. ट्यूब आतल्या आत सैल पडते, घडी मोकळी होते. मग पुन्हा भरली की ती आपल्या जागेवर जाऊन बसते.”

“मग दुसऱ्यांदा का सोडलीत?”

“कारण तू ते दुसऱ्यांदा केलंच नाहीस. तू चाक उघडलंस. ट्यूब बाहेर काढलीस, परत घातलीस. म्हणजे ती पुन्हा पहिलीच वेळ झाली. मी फक्त हवा सोडली होती, गोरक्ष. तू स्वतःला चुकलेला समजून सगळं चाक विस्कटलंस. रिकामं होणं वेगळं आणि खिळखिळं होणं वेगळं.”

नऊ वर्षे ही हवा सोडल्याचा आवाज गोरक्षने ऐकला होता. पण दर वेळी तो आसापाशी बसून बेअरिंग भरत असे आणि चाकाकडे त्याची पाठ असे. आबा नळी तपासत असतील असे त्याला वाटे. हे त्याने बोलून दाखवले तेव्हा आबांनी मान खाली घातली.

“तो दोष माझा. हवा मी कायम स्वतःच भरली, तुला तिथून उठवून जवळ कधी बोलावलं नाही. तुला माहीत आहे असंच धरून चाललो. सकाळीही वाटलं, घाईत विसरला असेल. तू पाना घेऊन बोल्ट काढायला बसलास हे चहा पिऊन येईपर्यंत मला कळलं नाही. मी आत आलो तेव्हा तू जोडत होतास, आणि पाठोपाठ शेठ आले.”

“त्यांच्यासमोर सांगायचं होतंत. मला वाईट वाटलं नसतं.”

“तुला नसतं वाटलं. पण त्यांच्यासमोर मी तुला शिकवलं असतं, तर उद्या त्यांनी कोणाच्या सहीवर विमानात बसायचं? म्हणून जेवढं खरं होतं तेवढंच बोललो. चूक नाही म्हणालो. ते तुलाही ऐकू आलं नाही.”

खरेच ते त्याला ऐकू आले नव्हते. चूक शोधायला बसलेल्या माणसाला ‘नाही’ हा एक शब्द तेवढा ऐकू येत नाही.

उजवे चाक अजून बाकी होते. गोरक्ष उठला. टायर सोडवला, बेअरिंग धुतली, पूड लावली, बोल्ट आवळले, हवा भरली. शेठ फोन करून परत आले होते आणि हाताची घडी घालून उभे होते. शहरातला माणूस सकाळी साडेनऊपर्यंत येतो म्हणाला, असे त्यांनी आबांना कळवले. काटा तिसावर आला. आबा स्टुलावर बसून होते आणि या वेळी उठले नाहीत. गोरक्षनेच खिशातून चावी काढली, पिन फिरवली आणि सगळी हवा सोडून दिली.

“आता तूही?” शेठ म्हणाले. “अरे, काय चुकलं ते तरी सांगा कोणी.”

“चूक नाही, शेठ,” गोरक्ष म्हणाला आणि घडीची गोष्ट त्यांना चार वाक्यांत सांगितली. ट्यूब टायरमध्ये नीट बसायला रात्रभर लागते, सकाळी दाब थोडा उतरलेला असेल, तो पुन्हा तिसावर आणून मगच सही होईल, हेही सांगितले. त्याने पिन बसवून नळी जोडली. शेठनी आबांकडे पाहिले. आबा चष्मा पुसत होते. पुसून झाल्यावर त्यांनी तो डोळ्यांवर न चढवता खिशात ठेवला.

“हा चालेल,” ते म्हणाले.

शेठ पुन्हा गाडीकडे गेले आणि दुसरा फोन करून आले.

चार डिसेंबर. धुके नव्हते, वारा पूर्वेकडून हलका. सकाळी नऊ वाजता डाव्या चाकात साडेअठ्ठावीस पौंड दाब होता, उजव्यात एकोणतीस. दोन्ही तिसावर आणले. शहरातला माणूस आला नाही. दहा वाजून बारा मिनिटांनी विमान उडाले आणि अकरा वाजून नऊ मिनिटांनी पलीकडच्या धावपट्टीवर उतरले. चाके तिथे तपासली, दोन्ही ठीक. नोंदवहीत सही गोरक्षची आहे.