खोट्या तापाची रजा

"म्हणजे पाप लागतं की नाही, एवढंच सांगा."

बाईजींनी चिंच फोडली. गर एका टोपलीत टाकला, चिंचोके दुसरीकडे.

"कशाचं?"

"आजारी नसताना आजारी आहे म्हणून सांगितल्याचं."

विचारणारी कुमुद तायवाडे. नदीपलीकडच्या गावातल्या दवाखान्यात ती बाळंतिणींच्या वॉर्डाची इंचार्ज सिस्टर होती. नोकरी लागल्यापासून तिनं कधी अचानक रजा घेतली नव्हती. हे ती लोकांना सांगत असे. कुणी विचारलं नाही तरी सांगत असे.

बाईजी म्हणजे नदीकाठच्या दोन खोल्यांच्या आश्रमात एकट्या राहणाऱ्या, महानुभाव पंथातल्या वृद्ध संन्यासिनी. अंगावर जुनं काळं लुगडं. गावच्या बायका त्यांच्याकडे प्रश्न घेऊन येत. पुष्कळ जणी वेगळाच प्रश्न घेऊन परत जात.

"काय सांगितलंस?"

"ताप आहे म्हणून."

"आहे?"

"नाही."

"मग काय आहे?"

अंगणातल्या कडुलिंबाखाली कुमुदची गाडी उभी होती. इंजिन अजून तापलेलं असावं, मधूनच टकटक वाजत होतं.

"काही नाही," ती म्हणाली. "हे आणि सासूबाई लग्नाला गेलेत. मुलगा पुण्याला. सकाळी उठले तर घरात कुणीच नव्हतं. असं कधी होत नाही, बाईजी. म्हटलं, आजचा दिवस एकटीनं घालवावा. दवाखान्यात फोन केला."

"मग घरी का नाही राहिलीस?"

"राहू कुठं देतात! ताप आहे म्हटल्यावर शेजारीण काढा घेऊन आली. खाटेशी बसूनच राहिली. मग फोन. याचा झाला की त्याचा. सगळ्यांना सांगायचं, हो, अंग दुखतंय, हो, गोळी घेतली. सांगता सांगता खरंच अंग दुखायला लागलं. शेवटी कुलूप लावलं आणि निघाले."

"इथं."

"इथं."

बाईजी हसल्या नाहीत. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं, जसं एखाद्या नव्या जातीच्या पाखराकडे पाहावं.

"दिवसभर काय करणार होतीस?"

"म्हणजे?"

"एकटी. काय करणार होतीस?"

कुमुदनं आधी फाटकाकडे पाहिलं.

"फरशीवर पडणार होते," ती हळूच म्हणाली. "पंख्याखाली. मधोमध. आणि भूक लागली तर... लागली तेव्हाच खाणार होते."

"आणखी?"

"आणखी काही ठरवलं नव्हतं."

बोलता बोलता तिनं टोपली जवळ ओढली आणि चिंचा फोडायला घेतल्या. तिचे हात भराभर चालायचे. बाईजींनी टोपली तिच्यापुढून उचलून आपल्या पलीकडे ठेवली.

"मला मदत करू दे ना."

"कशाला?"

हात कुठं ठेवावेत ते कुमुदला सुचेना. शेवटी तिनं ते पदरात गुंडाळले.

"वॉर्डाचं कसं?" बाईजींनी विचारलं.

"रोशनी आहे ना. नवी पोरगी आहे, पण हुशार. फोनवर म्हणाली, सिस्टर, तुम्ही अजिबात काळजी करू नका, आम्ही आहोत."

"चांगलं म्हणाली."

"हो..."

"मग?"

"मला वाटलं होतं, निदान घाबरेल तरी."

हे तिच्या तोंडून निघालं आणि तिची तीच दचकली. बाईजी पुढची चिंच फोडत होत्या.

तेवढ्यात फाटकाशी आवाज आला.

"दंडवत जी! कोनी हाय काय?"

कुमुद ताडकन उठली. तो आवाज तिनं झोपेतही ओळखला असता. वॉर्डातली जुनी आया, यमुनामावशी. कुमुद आतल्या खोलीत शिरली आणि दाराआड उभी राहिली.

"सांगू नका," तिनं आतून कुजबुजून म्हटलं.

यमुनामावशी अंगणात आली. एका हातात कापडात बांधलेला डबा, दुसऱ्या हातात तुटलेली चप्पल. ऊन चढलेलं होतं. ती एक पाय अलगद टाकत होती.

"आमच्या सिस्टर आल्या काय जी इकडं? रात्रपाळी करून खिचडी घेऊन गेली त घराले कुलूप. मले वाटलं, जास्त झालं अन् अमरावतीले नेलं. चौकात कोनी म्हने, त्यायची गाडी नदीकडं गेली. एवढ्या तापात बाई एकटी नदीकडं कायले जाते?"

बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला. तिला काय वाटलं होतं ते कुमुदला दाराआड उभ्या उभ्या कळलं.

बाईजींनी हात पुसले. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. दाराकडे वळून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या,

"कुमुद, तुला कुणी विचारतंय."

दाराआड काहीच हललं नाही.

बाईजी थांबल्या. यमुनामावशीही थांबली.

मग कुमुद बाहेर आली.

यमुनामावशीनं डबा खाली ठेवला आणि आधी तिच्या कपाळाला हात लावला.

"ताप उतरला वाटते."

"नव्हताच, मावशी."

"मंग?"

"मला एक दिवस एकटीला राहायचं होतं."

यमुनामावशीनं बाईजींकडे पाहिलं. मग कुमुदकडे.

"घरी काही झालं काय?"

"नाही."

"साहेबांसंग भांडण?"

"नाही हो."

"मंग दवाखान्यात कोनी बोललं?"

"कुणी काही बोललं नाही. सगळं चांगलं आहे."

"सगळं चांगलं हाय... अन् एकटं राहाचं हाय?"

"हो."

यमुनामावशीनं पुन्हा तिच्या कपाळाला हात लावला. या वेळी जरा जास्त वेळ ठेवला.

कुमुदचं लक्ष तिच्या पायाकडे गेलं. अनवाणी तळवा लाल झाला होता, टाचेला फोड आला होता. कुमुदनं माठातलं पाणी आणलं. तिचा पाय धुतला. यमुनामावशी नको नको म्हणत राहिली, पण पाय मागे घेतला नाही.

"वॉर्डात सांगू काय तुमी ठीक हाय म्हनून?" ती म्हणाली. "रोशनी सिस्टर लय घाबरल्या हायेत. कुलपाचं मीच फोन करून सांगतलं त्यायले."

कुमुदचा हात थांबला.

"घाबरली?"

"रडाच्या बेतात होती पोरगी."

थोड्या वेळापूर्वी कुमुदला हेच ऐकायचं होतं. आता ऐकलं तर ऐकवेना.

"खरं काय ते सांगा तिला."

"मी? माझ्या तोंडून कोन मानन? तुमीच सांगा."

कुमुदनं बाईजींकडे पाहिलं. बाईजी टोपलीतली एक किडकी चिंच निरखत होत्या.

तिनं वॉर्डात फोन लावला. रोशनीनं उचलला नाही, मोठ्या डॉक्टरांनी उचलला.

"सर, मी तायवाडे. मला ताप नाही... नव्हताच, सर. मी खोटं सांगितलं... नाही, घरी सगळं ठीक आहे. मला एक दिवस एकटीला राहायचं होतं, म्हणून... हो. इतकंच कारण... नाही सर, खरंच इतकंच."

मग बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली. आधी तिचा चेहरा पडला. मग गोंधळला.

"हो सर," शेवटी ती म्हणाली आणि फोन ठेवला.

"रागावले?" बाईजींनी विचारलं.

"नाही." कुमुद फोनकडेच बघत होती. "फार हळू आवाजात बोलले. म्हणाले, सिस्टर, उद्याही येऊ नका. विश्रांती घ्या, मनावर काही घेऊ नका, आम्ही सगळे आहोत तुमच्या पाठीशी. आणि... कुणा ओळखीच्या डॉक्टरांचा नंबर पाठवतो म्हणाले."

यमुनामावशीनं मान डोलावली, जणू हेच व्हायला हवं होतं.

"तापाले एक दिवस देल्ला," ती म्हणाली, "याले दोन देल्ले."

ती जायला उठली. कुमुदनं पायातल्या चपला काढून तिच्यापुढे ठेवल्या. यमुनामावशी आधी नको म्हणाली, मग घातल्या. थोड्या मोठ्या होत होत्या. गाडीवरून सोडते म्हटलं तर मात्र ती ऐकेना.

"तुमाले एकटं राहाचं हाय ना? मंग राहा." फाटकाशी थांबून तिनं वळून पाहिलं. "कसं लागते ते सांगजा मले."

ती गेली. चपलांचा फटक फटक आवाज बराच वेळ येत होता. मग तोही थांबला.

कुमुद अनवाणी, अंगणाच्या मधोमध उभी होती. पायाखालची माती सावलीत गार होती, उन्हात पोळत होती. ती सावलीत सरकली.

"बाईजी, खोटं बोलले तेव्हा आजचा दिवस मिळाला. खरं बोलले तेव्हा उद्याचा मिळाला. दोन्ही वेळा मी आजारीच ठरले. मग मी बोलले त्याचा उपयोग काय झाला?"

बाईजींनी खाली सांडलेले चिंचोके गोळा केले.

"आणि पापाचं तर राहिलंच..."

बाईजींनी टोपली उचलली, आत नेऊन ठेवली. बाहेर आल्या त्या दार ओढून घेतच.

"उद्या सकाळी येऊ?" कुमुदनं विचारलं. "हे तेवढं तुमच्याकडून नीट समजून घेईन म्हणते."

बाईजी नदीकडच्या पायवाटेवर निघाल्या होत्या. दोन पावलं गेल्यावर त्या थांबल्या.

"उद्या नको," त्या म्हणाल्या. "उद्या मला बरं नसणार."