कढईचे धुवण

त्या देशात हात नव्हते. भांडीच भांड्यांना काथ्याने घासत, आणि ज्याचा फेस काठापर्यंत येई ते भांडे स्वच्छ, असा तिथला कायदा होता. ज्याचा फेस अर्ध्यावर बसे, त्याला फडताळाच्या मागच्या रांगेत पालथे राहावे लागे. त्यामुळे घाणीपेक्षा कमी फेसाचीच तिथे जास्त भीती होती.

फेस साबणाच्या निळ्या वडीचा असे. ती चकचकीत कागदात राही. कागदावर पिवळेधमक लिंबू काढलेले होते. वडीची आणि लिंबाची मात्र जन्मात कधी भेट झाली नव्हती. रोज ऊन कलले की ती पाण्यात उतरे, सारा देश पांढऱ्या ढगात बुडे, आणि जड कढईसुद्धा त्या ढगात तरंगल्यासारखी डुले. मग फेस मोरीतून निघून जाई. कुठे, हे कोणी विचारत नसे. ‘गेला’ एवढे सर्वांना पुरे होते.

एकट्या पितळी घागरीला ते ठाऊक होते. रोज सकाळी ती पायऱ्या उतरून तळ्यावर पाण्याला जाई, आणि मोरी त्याच तळ्याला मिळत असे. कालचा फेस तिला लव्हाळ्यात अडकलेला दिसे. ती तो अंगानेच बाजूला सारी, खालचे पाणी भरून घेई आणि वर येऊन काही बोलत नसे. तिलाही आपली झळाळी फार आवडे, त्यात लपवण्यासारखे काही नाही.

एके दिवशी पाण्यातून एक म्हातारी मासोळी वर आली. तिचे डोळे दुधाळ झाले होते. पूर्वी तिच्यामागे पिल्लांचा घोळका असे. त्या दिवशी एकच पिल्लू होते, चिंचोक्याएवढे.

“बाई, तुम्ही वरच्या,” मासोळी म्हणाली. “तिथं पाणी चांगलं असेल. एवढं एक उरलंय, ते घेऊन जा.”

घागरीला मेल्याहून मेल्यासारखे झाले. वर काय आहे ते सांगायला तिचे तोंड उघडेना. ती वाकली आणि पिल्लू पाण्याबरोबर तिच्या पोटात शिरले. दिवसभर ते आत फिरत राहिले. वर आल्यावर घागर जागची हलली नाही.

ऊन कलले. आता घागरीने सगळे पाणी दगडी डोणीत ओतायचे आणि वडीने त्यात उतरायचे, अशी रीत होती. वडी काठावर येऊन थांबली, पण घागर वाकेना. कढईने कारण विचारले, तेव्हा घागरीने सगळे सांगून टाकले. तळे, मोरी, मासोळी, आणि इतकी वर्षे मूग गिळून बसलेली ती स्वतः. वडीने शांतपणे सांगितले की, मासे काय, येतात आणि जातात; देशाची अब्रू एकदा गेली की परत येत नाही.

त्या दिवशी सर्वांत तेलकट कढईच होती.

“घागरताई, मी पुढच्या रांगेतली,” ती हळूच म्हणाली. “मला मागं टाकतील.”

“मग मीही तुझ्याशेजारी पालथी राहीन.”

कोपऱ्यातल्या सुपात भाताचा कोंडा पडून होता. त्याला आजवर कोणी हिशेबातही धरले नव्हते. वडीऐवजी चिंचेच्या कोळात कालवून त्याचा गोळा झाला, आणि कढईने डोळे मिटून तो अंगाला लावून घेतला. घागरीने वरचे पाणी थोडे थोडे दिले आणि तळाचे पिल्लासाठी राखले. फेस आला नाही. नुसते करडे ओघळ आले. काथ्या कुरकुरला, दोनदा घासावे लागले, तरी बुडाशी एक काळा डाग राहिलाच. तेल मात्र कोंड्याने पिऊन टाकले होते.

कढई उभी राहिली. ती स्वच्छ झाली की नाही, हे कोणालाच सांगता येईना, कारण कायद्यात फेसाखेरीज दुसरे माप नव्हते. तेवढ्यात घागरीच्या तोंडातून पिल्लाने टुणकन उडी मारली आणि ते त्या करड्या पाण्यात पडले. पिल्लू जरा थांबले. मग त्याने तोंड उघडून कोंड्याचा एक कण टिपला, पुढचा टिपला, आणि वाहत्या कणांच्या मागे मागे मोरीतून निघून गेले.

कायदा काही त्या संध्याकाळी बदलला नाही. कढई आणि घागर मागच्या रांगेत गेल्या. तिथे भिंतीला एक फट होती. पुढच्या रांगेतल्या भांड्यांना फक्त एकमेकांची झळाळी दिसे. या फटीतून थेट खालचे तळे दिसत होते.

उतरत्या उजेडात मोरीच्या तोंडाशी पाणी हलत होते. पिल्लू तिथे पोहोचले होते, आणि त्याच्याशेजारी दुधाळ डोळ्यांची म्हातारी मासोळी तोंड वर करून कढईचे धुवण घासाघासाने खात होती.