पालथा बोर्ड

“पण बुवा, ह्या बोर्डाला वायफाय कुठंय? आणि मेमरी ही एवढीशी! पोरीला पुढे कमी पडली तर काय करायचं?”

मोबाइलवर एकेका बोर्डाचं चित्र दाखवणाऱ्या यशोधनची गाडी काही थांबेना. पुण्याहून निघून, डोंगर चढून तो मठात आला होता, तो कोणता बोर्ड घ्यावा एवढंच विचारायला.

निरंजनबुवा ओसरीवर शेंगा सोलत बसले होते. संन्यास घेण्याआधी त्यांचा जन्म मायक्रोकंट्रोलर, म्हणजे हे चिमुकल्या कॉम्प्युटरचे बोर्ड, शिकवण्यात गेला होता. कफनी चढवली तरी ती खोड काही सुटली नव्हती, म्हणून तर लोक इथवर यायचे.

“कुणासाठी हवाय?”

“लेकीसाठी. चैत्राली. चौथीत आहे. आपल्या हातानं दिवा लुकलुकवायचाय म्हणते.”

“मग?”

“मग सुरुवातच चांगल्या बोर्डानं व्हायला नको का? एकाला पिना कमी. दुसऱ्यावर धड पुस्तक नाही. तिसरा तर वर्षात जुना होईल...”

“कधीपासून शोधतोयस?”

“दिवाळीपासून.”

आता आंबे संपत आले होते. बुवांनी हातावरची टरफलं फुंकून टाकली.

“चैत्राली काय म्हणते?”

यशोधननं मोबाइल खाली ठेवला. आधी ती रोज विचारायची, बाबा, आला का बोर्ड?

“हल्ली विचारत नाही,” तो म्हणाला.

...

बुवा आत गेले आणि काडेपेटीएवढा एक बोर्ड घेऊन आले. सोबत बॅटरी, एक तांबडी तार, एक काळी.

“दिव्याचा प्रोग्राम आत भरलेला आहे. तू नुसती बॅटरी जोड.”

“मी?”

“इथं दुसरं कोण आहे?”

यशोधन हसला खरा, पण तारांना हात लावीना. बँकांची सॉफ्टवेअरं लिहिणारा हा गृहस्थ, कुठली पिन कुठं हे तोंडपाठ, आणि आजवर एक तार जोडली असेल तर शपथ! कॉम्प्युटरवर चुकलं तर मागं जाता येतं. इथं जळलं की जळलं. आणि तेही लेकीच्या देखत! ही धास्ती त्यानं बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

तारा जोडायच्या पिना खालच्या अंगाला, म्हणून त्यानं बोर्ड पालथा धरला. डोक्यातलं चित्र मात्र वरच्या बाजूचं. डावं ते उजवं झालं, तांबडी तार काळीच्या जागी गेली आणि पठ्ठ्याच्या ते गावीही नव्हतं.

फट्!

बारीकशी धुराची रेघ उठली. दिवा काही लागला नाही.

“अरे देवा! बुवा, मी... तुमचा बोर्ड...”

बुवांना त्या वासानं शिंक आली, तेवढंच.

“काय झालं?”

“पालथा धरला होता मी.”

“पुन्हा धरशील?”

“जन्मात नाही!” म्हणता म्हणता यशोधनला हसू फुटलं. स्वतःचंच हसू त्याला नवीन वाटलं.

बुवांनी दुसरा बोर्ड पुढे सरकवला. ह्या खेपेला त्यानं तो उताणा ठेवला, वर छापलेल्या प्रत्येक पिनेच्या नावावर बोट टेकवून पाहिलं, मग तारा जोडल्या.

दिवा लुकलुकला.

“बुवा, बघा! बघा ना!” एवढा मोठा बाप्या, पण डोळे पुसायचंही त्याला सुचलं नाही.

बुवा बघत होते. दिव्याकडे नव्हे, त्याच्याकडे.

...

निघताना यशोधननं पायांत चपला सरकवल्या आणि विचारलंच.

“मग बुवा, चैत्रालीसाठी कोणता बोर्ड नेऊ?”

बुवांनी लुकलुकणारा बोर्ड बाजूला सारला. जळका उचलून त्याच्या हातावर ठेवला.

“आधी हा ने. कुणी जाळला, ते तिला तूच सांग.”