पहिली नजर

"गोळी रोज घेतली होती, आपा. एक दिवससुद्धा चुकवली नाही. मग असं कसं झालं?"

तहसीन बाथरूमच्या दारात उभी होती. ओढणीचं टोक तिनं मुठीत घट्ट आवळलं होतं.

जैतून आपा पलंगावर बसून पायमोजे चढवत होत्या. एक चढवून झाला होता, दुसरा हातात होता.

"आलं?"

"आलं..."

आपांनी दुसरा पायमोजा मांडीवर ठेवला.

मक्केतलं हॉटेल होतं, रविवारची सकाळ होती. तासगावच्या बायका खाली बसपाशी जमल्या होत्या. आता हरमला, म्हणजे काब्याच्या मशिदीत जायचं आणि उमरा करायचा. काब्याला सात फेरे, मग दोन टेकड्यांच्या मधून सात वेळा चालणं, शेवटी केसांचं टोक कापलं की उमरा पुरा. त्यासाठी कुणी भिशी लावली होती, कुणी पाटल्या मोडल्या होत्या.

पाळी आलेल्या बाईला मात्र त्या मशिदीत पाऊल टाकता येत नाही. तिला नमाज नाही, काब्याचे फेरे नाहीत. पाक होईपर्यंत थांबायचं, असा नियम आहे. म्हणून निघण्याआधी बायका डॉक्टरांकडून पाळी लांबवायची गोळी आणतात. बहुतेकींना ती लागू पडते.

गुरुवारी दुपारी गट मदीनेला निघणार होता आणि तिथूनच परत घरी.

"गुरुवारपर्यंत पाक झाले नाही तर?" तहसीननं विचारलं.

"तर मौलानांना विचारू."

"म्हणजे उमरा न करताच परत?"

"विचारू म्हटलं ना."

तासगावात आपांच्या घरी दुपारी बायकांचा धडा चाले. घराचा उंबरा ओलांडताना कोणती दुआ, गाडी सुरू झाली की कोणती, मशिदीत आधी कुठला पाय टाकायचा, रांगेत धक्का लागला तर तोंड कसं आवरायचं, हे सगळं आपा शिकवत. तहसीन त्यांची सगळ्यात हुशार शिष्या. तिला सगळं तोंडपाठ होतं आणि आपल्याला सगळं तोंडपाठ आहे हेही तिला चांगलंच ठाऊक होतं. विमानात तिनं अख्ख्या रांगेला दुआ म्हणून दाखवली. साठी उलटलेल्या खैरूनबीला तर ती जिद्दाच्या विमानतळापासून, 'हे अल्लाह, मी हजर आहे' म्हणणाऱ्या लब्बैकवरून टोकत आली होती. "लब्बैक नीट म्हणा खाला, मधला शब्द खाताय." खैरूनबी बिचारी मान हलवायची आणि पुन्हा तोच शब्द खायची.

आणि आता खैरूनबी खाली बसमध्ये खिडकीची जागा धरून बसली होती.

"थेंबभर डाग आहे नुसता," तहसीन हळू आवाजात म्हणाली. "अंघोळ करते आणि येते. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलं की."

"तुम्हाला सोडून."

आपा तिच्याकडे बघत राहिल्या.

"मग मला सांगितलंस कशाला?"

तिनं हळूच बाथरूमचा दिवा बंद केला.

खालून बसचा हॉर्न वाजला. आपांनी दुसरा पायमोजा चढवला आणि गुडघ्यावर हात रोवून उठल्या.

"तुमचं बरं आहे," तहसीन म्हणाली. "तुमचं सगळं कधीच थांबलंय."

हे तिनं बोलायला नको होतं. पण दुखावलेलं माणूस हाताला येईल ते फेकतं.

आपा हसल्या. "थांबलं म्हणून तर आले. तोवर मला घरातून सोडत होतं कोण?"

दार ओढून घेता घेता त्या म्हणाल्या, "जब्बारला काय सांगू?"

जब्बार तहसीनचा नवरा. तो पुरुषांच्या खोलीत, दोन मजले खाली होता.

"सांगा काहीही. तब्येत बरी नाही म्हणा."

"तब्येत बरी आहे तुझी," आपा म्हणाल्या आणि गेल्या.

&nbsp;

बायका परतल्या त्या दुपार टळल्यावर. पाय सुजलेले, डोळे सुजलेले, पण चेहरे असे की लग्नघरातून आल्या असाव्यात.

"तुझ्यासाठी दुआ केली गं," एक म्हणाली.

"मी पण केली," दुसरी म्हणाली.

सगळ्यांनीच केली होती. प्रत्येकीगणिक तहसीन भिंतीकडे थोडी जास्त वळत गेली.

खैरूनबी तिच्या पलंगावर टेकली. "पोरी, तू शिकवलेलं काय बी आठवलं न्हाई बघ मला. काबा दिसला आन् मी नुसती उभी. आपांनी हाताला धरून फिरवलं. माझा उमरा झाला का गं?"

तहसीनला उत्तर माहीत होतं. ते तिनं भिंतीकडे तोंड करूनच दिलं. "झाला."

"मग बरं," म्हणून खैरूनबीनं रिमोट दाबला. खोलीतल्या टीव्हीवर हरमचं चित्र चोवीस तास चालू असायचं.

तहसीन ताडकन उठून बसली. तळव्यांनी डोळे झाकले. "बंद करा खाला. माझी पहिली नजर टीव्हीवर जाईल."

खैरूनबीनं घाईघाईनं टीव्ही बंद केला. एक-दोघी तोंडावर पदर घेऊन हसल्या. काब्याचं चित्र तहसीनच्या घरात कॅलेंडरवर होतं, फोनवर होतं, चहाच्या डब्यावरही होतं. पण काब्यावर पहिली नजर पडते तेव्हा जे मागावं ते परत पाठवलं जात नाही, असं बायका एकमेकींना सांगत आल्या आहेत. तहसीननं ती पहिली नजर जपून ठेवली होती. तिला काय मागायचं होतं हे त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणी बोलत नव्हतं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. घरात मूल नव्हतं.

मग कात्री निघाली. बायकांनी हरममध्ये केस उघडले नव्हते, खोलीत येऊन कापायचं ठरवलं होतं. एकमेकींच्या वेणीचं टोक धरून बोटाच्या पेराएवढे केस कापले की एहराम, म्हणजे उमऱ्यासाठी घेतलेलं बंधन, सुटतो. मग अत्तर चालतं, नखं काढता येतात, केस विंचरता येतात. खोलीत हसणं-खिदळणं सुरू झालं. कुणीतरी बॅगेतून शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी काढली.

आपा सगळ्यात शेवटी राहिल्या. त्यांनी कात्री घेतली आणि तहसीनसमोर धरली.

"घे. माझे काप."

तहसीननं मान हलवली. "मला चालत नाही, आपा. मी अजून एहराममध्ये आहे. मला कुणाचे केस कापता येत नाहीत."

"बरोबर," आपा म्हणाल्या.

त्यांनी कात्री तहसीनच्या उशाशी ठेवली. खैरूनबी उठली. "मी कापते की, आपा."

"नको."

आपांनी केसांवर ओढणी सारखी केली, पाय वर घेतले आणि आडव्या झाल्या.

&nbsp;

सोमवार गेला. मंगळवार गेला.

बाकीच्या बायका सुगंधी साबणानं न्हाल्या, बाजारात गेल्या, खजूर आणला. केस न कापलेल्या आपा अजून एहराममध्येच, बिनवासाच्या साबणानं हात धूत होत्या. त्यांच्या डोक्याला खाज सुटायची, पण केस तुटू नयेत म्हणून बोटाच्या टोकानं हलकेच दाबत होत्या. त्या दिवसातून पाच वेळा नमाजला हरममध्ये जायच्या आणि परत यायच्या. येताना तहसीनसाठी हरममधल्या जमजम विहिरीचं पाणी आणायच्या. बोलायच्या काहीच नाहीत.

तहसीन खोलीत बसून राहायची. अजान झाली की तिला उठावंसं वाटायचं आणि मग आठवायचं.

बुधवारी असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजनंतर आपा लवकर परत आल्या. बायका बाजारात थांबल्या होत्या. खोलीत दोघीच होत्या.

"आपा, तुम्ही केस कापून घ्या."

"का?"

"मी बघतेय तुम्हाला. डोकं खाजतंय. माझ्यापायी कशाला?"

"तुझ्यापायी कोण म्हणालं? कात्री तुझ्याकडे आहे."

"मला उपकार नकोत तुमचे."

"बरं."

आपांनी तेवढ्यावरच सोडलं. तहसीनला भांडण हवं होतं, ते मिळालं नाही. मग जे आत होतं तेच बाहेर आलं.

"अकरा वर्षं, आपा... दर महिन्याला मी वाट बघते. चार दिवस वर गेले की जीव धरून बसते. कुणाला सांगत नाही, ह्यांनाही नाही. आणि मग हेच येतं. दर महिन्याला हेच उत्तर. म्हटलं, अल्लाहच्या घरी जाऊन मागू. तर इथं त्याच्या दारातसुद्धा तेच."

तिनं नाक पुसलं.

"मी नकोय त्याला."

आपांना चार मुलं, नऊ नातवंडं. या बाबतीत त्यांनी काही बोलावं असं काही नव्हतं आणि हे त्यांना कळत होतं. त्यांना फार वाईट वाटलं. इतकं की थोडा वेळ त्या नुसत्या खिडकीकडे बघत राहिल्या. खिडकीतून समोरच्या इमारतीचे एसी दिसत होते आणि त्यावर बसलेलं एक कबूतर.

"आज दुपारची, जोहरची नमाज पढलीस?"

तहसीन चकित झाली. "काय विचारताय, आपा? कशी पढणार?"

"का?"

"पढता येत नाही. हुकूम आहे."

"कुणाचा?"

"अल्लाहचा."

"आणि असरची?"

"तेच की."

"काल? परवा?"

"तेच..."

"म्हणजे रविवारपासून तू त्याचंच ऐकत बसलीयस."

एसीवरचं कबूतर उडून गेलं.

"मागितलंस का?" आपांनी विचारलं.

"काय?"

"जे मागायला आलीस ते."

"नाही."

"रविवारपासून एकदाही?"

"पहिल्या नजरेसाठी ठेवलंय."

"दुआ मागायला वुजू लागतं?"

वुजू, म्हणजे नमाजआधीचं हातपाय-तोंड धुणं, हे धड्यातलं होतं. तहसीननंच ते बायकांना कितीदा समजावलं होतं. "नाही."

"पाक असावं लागतं?"

"नाही."

"काबा दिसावा लागतो?"

"...नाही."

आपा पलंगावरून उतरल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी त्यांना खाली बसायला बराच वेळ लागला. तहसीन धरायला पुढं झाली आणि तीही तिथंच बसली. आपांनी दोन्ही हात पसरले.

तहसीनला वाटलं, आपा आता तिच्यासाठी दुआ मागतील. धड्याच्या शेवटी नेहमी तसंच असायचं. आपा मागायच्या, बायका आमीन म्हणायच्या.

आपा हात पसरून नुसत्या बसल्या होत्या.

"आपा?"

"तू माग. मी आमीन म्हणते."

तहसीननं हात पसरले. अरबीत सुरुवात केली. चांगली लांब, घोटून घोटून पाठ केलेली दुआ होती ती. अर्ध्यात तिनं सोडून दिली.

मग ती मराठीत बोलली. घरी चुलीपाशी एकटीच बोलावं तशी. काय बोलली ते सांगायचं कारण नाही. मुलाबद्दल होतं, जब्बारबद्दल होतं, थोडं रागाचंही होतं. सासूबद्दल एक वाक्य होतं, ते आपांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

मध्ये मध्ये आपा म्हणत होत्या, "आमीन."

बायका बाजारातून आल्या तेव्हा दोघी खालीच बसलेल्या होत्या. खैरूनबीनं खजुराची पिशवी मुकाट्यानं टेबलावर ठेवली.

&nbsp;

गुरुवारी फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजच्या आधी तहसीन पाक झाली.

तिनं अंघोळ केली. आपा दारातच वाट बघत उभ्या होत्या. खाली जब्बार होता. त्यानं काही विचारलं नाही, तिची पाण्याची बाटली तेवढी आपल्या हातात घेतली आणि तो दोन पावलं मागून चालू लागला.

रस्ताभर तहसीन लब्बैक म्हणत होती. मधला शब्द नीट येत होता. आज तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

मशिदीच्या दारात तिनं उजवा पाय आधी टाकला. आत शिरतानाची दुआ म्हटली. मग मान खाली घातली, कारण समोर पोचेपर्यंत वर बघायचं नाही, असं बायका सांगतात. आपांनी तिचं कोपर धरलं. पायाखाली गार पांढरी फरशी होती, आणि फरशीवर कुठल्या कुठल्या देशांचे पाय चालत होते. काळे, गोरे, भेगा पडलेले, मेंदी लावलेले. एका म्हाताऱ्याचा पाय तिच्या पायावर पडला. त्यानं कुठल्याशा भाषेत माफी मागितली, तिनं मराठीत "असू द्या" म्हटलं.

पायऱ्या आल्या. त्या उतरल्या.

आपा थांबल्या.

"समोर आहे. वर बघ."

तहसीननं वर बघितलं नाही.

"आपा..."

"हं."

"ते सगळं काल मागून झालं. आता काय मागू?"

आपांनी तिचं कोपर सोडलं.

"आता नुसतं बघ."