व्हॉल्व्हपासून एक वीत

एकदा एका विधुर गृहस्थाच्या सायकलचे मागचे चाक लागोपाठ पाच रविवार पंक्चर झाले.

गृहस्थ काही शर्यतीत उतरणारा नव्हता. पत्नी गेल्यावर रविवार फार लांब वाटू लागला, म्हणून शेजाऱ्याने त्याला सोबत घेतले होते. पहाटे निघायचे, पंधरा किलोमीटरवरच्या तलावाकाठी चहा घ्यायचा आणि ऊन चढण्याआधी परतायचे, एवढाच दोघांचा शौक.

शेजाऱ्याची सायकल त्याच दुकानातली, टायर त्याच बनावटीचे, रस्ताही तोच. पण त्याचे चाक एकदाही बसले नाही. "या रस्त्याचं तुमच्याशी जुनं भांडण दिसतंय हो!" असे म्हणून तो हसत पंप पुढे करी. तेवढ्यात त्याचा फोन वाजे. "अगं, येतोय. यांचं चाक पुन्हा बसलंय. पोहे आत्ताच टाकू नकोस."

गुडघ्यावर बसून ट्यूब बदलणाऱ्या गृहस्थाच्या मनाला ते पोहे लागत. त्याला उशीर झाला तर विचारणारे कोणी उरले नव्हते. हळूहळू त्याची नजर रस्त्यापेक्षा शेजाऱ्याच्या टायरवरच राहू लागली. एकदा तरी याचे बसावे, एवढीच इच्छा.

पाचव्या रविवारी उतारावर बाभळीची फांदी पडलेली दिसली. गृहस्थ पुढे होता. पुढच्याने हात करून मागच्याला सावध करायचे, हा सायकलवाल्यांचा रिवाज. त्याने हँडल वळवले. हात मात्र उचलला नाही. शेजारी थेट फांदीवरून गेला. सायकल हेलपाटली, तो पडता पडता सावरला. त्याच्या चाकाला काहीही झाले नाही. थोडे पुढे गेल्यावर गृहस्थाचेच चाक बसले.

दुसऱ्या दिवशी तो सायकल हातात धरून पेठेतल्या वृद्ध दुरुस्तीवाल्याकडे गेला. सारे त्यांना उस्ताद म्हणत. पंक्चर काढायला गृहस्थ त्यांच्याकडेच शिकला होता.

"उस्ताद, ही विकून टाका. रविवारचं जाणं आता बंद."

"का हो साहेब?"

त्याने सगळे सांगितले. न उचललेल्या हाताचेही सांगितले. ऐकून घेतल्यावर उस्ताद म्हणाले, "पाचही ट्यूब घेऊन या."

त्याने आणल्या. उस्तादांनी प्रत्येक ट्यूब व्हॉल्व्हपाशी धरून भिंतीवरच्या एकाच खिळ्याला टांगली आणि स्वतः बाजूला झाले. गृहस्थ पाहतच राहिला. पाचही ठिगळे एका रेषेत होती, व्हॉल्व्हपासून बरोबर एक वीत खाली.

"दर वेळी रस्त्यावरची जागा निराळी, आणि भोक मात्र एकाच ठिकाणी," उस्ताद म्हणाले. "टायरवरची अक्षरं व्हॉल्व्हसमोर ठेवून बसवायचं, हे मीच शिकवलं ना तुम्हाला? आता अक्षरांपासून एक वीत मोजा आणि आतून बोट फिरवा. सावकाश."

गृहस्थाने टायर उतरवून आतून बोट फिरवले आणि झटकन मागे घेतले. बोटावर रक्ताचा थेंब आला होता. उस्तादांनी चिमट्याने काळपट टोक ओढून काढले.

"हा कालच्या फांदीचा काटा?"

"छे. बाहेरून पार झिजलाय. पहिल्या पंक्चरच्या आधीपासून आत बसलाय." उस्तादांनी काटा त्याच्या तळहातावर ठेवला. "पंक्चर काढणं तुम्हाला येतं, साहेब. पण दर वेळी चाक तुमचं हातात होतं आणि डोळे शेजाऱ्याच्या चाकावर. त्याचं बसलं असतं, तरी तुमचा काटा निघाला नसता. तो स्वतःच शोधावा लागतो, आणि शोधताना बोटाला लागतंच."

मग त्यांनी विचारले, "बाईंना जाऊन किती दिवस झाले?"

"दीड वर्ष."

"कुणाशी बोललात?"

"कुणाशीच नाही," गृहस्थ तळहातावरच्या काट्याकडे पाहत म्हणाला. सायकल विकण्याचा विषय मग निघाला नाही.

संध्याकाळी त्याने शेजाऱ्याचे दार वाजवले. आत न जाता उंबऱ्यावरूनच म्हणाला, "काल ती फांदी मला दिसली होती. मी मुद्दाम हात केला नाही."

शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले. "मी पडलो असतो."

"हो."

"पण का?"

"तुम्हाला घरून फोन येतो, म्हणून."

शेजाऱ्याने एकदा आत, स्वयंपाकघराकडे पाहिले. मग तो दारातून बाजूला सरला. "आत या. बसा." आणि गृहस्थ बसल्यावर म्हणाला, "रविवारी पुढं तुम्हीच राहा."

रविवारी त्या उतारावर खडी सांडलेली होती. ती अजून बरीच लांब असतानाच गृहस्थाचा हात वर गेला.